केराची यादी

ऑफिसात मला सगळे केरसुणी म्हणतात. तोंडावर नाही, पण मला कान आहेत. बावीस वर्षं मी आमच्या रेडिओ दुर्बिणीचा केर काढते. म्हणजे आकाशातून जे येतं त्यातला माणसांनी केलेला कचरा वेगळा करते आणि फेकते. मोबाइल, विमानं, उपग्रह, कुणाच्या गाडीचं कुलूप उघडणारं रिमोट, सगळं त्या भल्यामोठ्या डिशमध्ये येऊन पडतं. ताऱ्याचा आवाज त्यापुढे म्हणजे भर बाजारात कुणी पुटपुटावं तसा. तो ऐकायचा तर बाजार गप्प करावा लागतो, आणि ते काम माझं.

आमच्याकडे साठवायला जागा कमी. त्यामुळे माल आधी धुतो आणि मगच भरतो. जे फेकलं ते कायमचं गेलं. परत मागायला कुणी आलं तर मी हात वर करते. मागे राहते फक्त एक यादी: कुठल्या तारखेला, किती वाजता, किती मिनिटं आणि कुठल्या नियमाखाली फेकलं. ही यादी बावीस वर्षांत कुणी वाचली नव्हती. मीही नाही. केर मोजत कोण बसतं?

नियम एकूण एकतीस, सगळे माझ्या हातचे. त्यातला माझा लाडका नियम सात. रेडिओलहरीला पीळ असतो, दोरीला असतो तसा, डावा नाहीतर उजवा. आकाशातल्या बहुतेक वस्तूंकडून दोन्ही पीळ सारख्याच मापाने येतात. उपग्रह मात्र बहुधा एकाच पिळाचा संदेश पाठवतात. म्हणून मी लिहून ठेवलं होतं की एकाच पिळाचा जोरदार माल अचानक आला तर फेका. सात ओळींचा चोख नियम. त्यासाठी भर सभेत माझं कौतुक झालं होतं आणि मी ते मनापासून उपभोगलं होतं. खोटं कशाला बोलू?

माझी सून याच दुर्बिणीवर काम करते. लग्नाआधीपासून करत होती. मीच तिला एकदा घरी चहाला आणलं आणि पुढचं माझ्या मुलाने बघितलं. तो बोटीवर असतो, चार-चार महिने. घरात मी, माझे हे आणि सूनबाई. घरी ती मला आई म्हणते, ऑफिसात मॅडम. घरी मी तिला भाजीत मीठ कमी पडलं म्हणून सांगते, ऑफिसात ती मला यंत्राची खरखर वाढली म्हणून सांगते, आणि दोन्हीकडे आम्ही एकमेकींचं ऐकून न ऐकल्यासारखं करतो. तसं आमचं बरं चाललेलं होतं.

सूनबाईचा जीव एका ताऱ्यात अडकलेला. नंबराने ओळखला जाणारा तारा, पण तिने त्याचं नाव ठेवलं होतं चिंगी. आपल्या सूर्याच्या दहाव्या हिश्शाएवढी, लालसर, आणि भलती चपळ. सूर्याला स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला जवळजवळ महिना लागतो, चिंगी ती तीन तास तेरा मिनिटांत घेते. तिच्या अंगावरचे डाग समोर येतात तेव्हा तिचा उजेड किंचित कमी होतो, त्यावरून दुसऱ्या एका वेधशाळेने हे मोजलं होतं. असे छोटे, जोरात फिरणारे तारे तापट असतात. चुंबकत्व अफाट, त्यामुळे भडके उडतात, आणि भडका उडाला की त्याचा रेडिओ आवाज आपल्यापर्यंत यायला हवा, असं सूनबाईचं म्हणणं. तीन वर्षं ती कान लावून बसली होती. चिंगी हूं की चूं करत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी ती माझ्या टेबलापाशी आली होती. "मॅडम, माझ्या वेळेपुरता नियम सात बंद ठेवता येईल का? असे तारे एकाच पिळात ओरडत असावेत असं मला वाटतं."

"तुला वाटतं म्हणून नियम बंद होत नसतात," मी म्हटलं. "आज सुनेसाठी बंद केला तर उद्या सगळं ऑफिस माझ्या नावाने खडे फोडेल."

"बरं," ती म्हणाली आणि गेली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही, ऑफिसात नाही आणि घरीही नाही. मला वाटलं, पटलं असेल तिला.

यंदा माझ्या निवृत्तीला अकरा आठवडे राहिले आणि साहेबांनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, फर्मान काढलं की माझ्या जागी येणाऱ्या माणसासाठी प्रत्येक नियमाची माहिती लिहून ठेवा, किती वेळा वापरला तेही लिहा. तेव्हा कुठे मी ती यादी उघडली. नियम एक, दोन, तीन, सगळं सुरळीत. नियम सात आला. बाकी सगळ्यांच्या कामात तो दहा तासांमागे एकदा लागलेला होता. सूनबाईच्या कामात दहा तासांमागे चारदा.

पहिला विचार काय आला तो सांगून टाकते: ही पोरगी फोन चालू ठेवून डिशखाली हिंडत असणार. मी तिच्या रजा तपासल्या. ती रजेवर, यंत्र आपोआप चिंगीकडे बघतंय, आणि तेव्हाही दहा तासांमागे चारच. मग म्हटलं उपग्रह असेल. पण उपग्रहाला काय माहीत डिश कुणाच्या ताऱ्याकडे वळलेली आहे? इतका केर एकाच घरात कसा निघतो? हा प्रश्न मनात आला आणि मी यादी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.

तो शनिवार होता. येत्या शुक्रवारी सकाळी आठ वाजता क्रेन येणार होती. चिंगीचा आवाज ज्या पट्ट्यात यायला हवा तो पट्टा ऐकणारं यंत्र डिशवरून उतरवून तिथे दुसरं बसवायचं ठरलेलं होतं. जुनं यंत्र पुन्हा वर चढणार नव्हतं. सूनबाई घरी बसून शेवटचा अहवाल लिहीत होती, आणि त्याचं पहिलं वाक्य मी जाता-येता तिच्या खांद्यावरून वाचलं होतं: "तीन वर्षांच्या निरीक्षणात काहीही आढळले नाही."

रविवारी सकाळी ती बाजारात गेली तशी मी यादीतली पाच दिवसांची पानं काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडली. गेल्या महिन्यात तिला सलग पाच दिवस, रोज आठ तास मिळाले होते. नियम सातने त्यात सोळा वेळा फेकाफेक केली होती. ह्यांना हाक मारली.

"तीन तास तेरा मिनिटं मला गुंडाळायची आहेत," मी म्हटलं. "दोरा द्या."

हे शिंपी. दुकान बंद करून चार वर्षं झाली, पण दोरा म्हटलं की कान टवकारतात. कशासाठी ते विचारलं नाही, कुठल्या नंबरचा ते विचारलं. मिनिटाला दोन मिलिमीटर धरून आम्ही साडेबारा मीटर पांढरा दोरा मापला. पहिल्या दिवसाच्या पहिल्या मिनिटापासून पाचव्या दिवसाच्या शेवटच्या मिनिटापर्यंतचा सगळा काळ त्यात आला. जिथे जिथे नियम सात लागला होता तिथे मी लाल शाईने दोरा रंगवला. आता डबा हवा होता, असा की त्याला एक वेढा घातला की बरोबर एक गिरकी व्हावी, म्हणजे अडतीस सेंटीमीटर आणि सहा मिलिमीटर. घरातले सगळे डबे ओट्यावर आले. साखरेचा मोठा, बिस्किटांचा लहान. शेवटी ह्यांनी बटणांचा डबा रिकामा केला, टेप लावला, आणि "सात मिलिमीटर कमी आहे, कागद लावून ढिला करू," म्हणाले. कमरेला ढिलं-घट्ट करण्यात त्यांची हयात गेलेली. कागदाचे दहा-अकरा पदर लावून त्यांनी माप नेमकं आणलं.

मग मी डबा धरला आणि ह्यांनी दोरा गुंडाळला, वेढ्याला वेढा लागून, वरून खाली. बत्तीस वेढे झाले. दोरा संपला. सोळापैकी चार लाल खुणा कुठे इकडे, कुठे तिकडे पडल्या होत्या. उरलेल्या बारा एकाखाली एक, सरळ रेघेत, कुणी फुटपट्टी धरून ओढल्यासारख्या.

"हे काय आहे?" ह्यांनी विचारलं.

"ही चिंगी आहे," मी म्हटलं. "दर गिरकीला एकदा ओरडतेय बिचारी. आणि मी दर वेळी तिला उपग्रह समजून फेकतेय."

ह्यांनी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सूनबाईला कसं सांगणार?" म्हणाले. मला त्यांचा राग आला, कारण माझ्याही मनात तेच होतं.

सांगायची वेळच आली नाही. ती पिशव्या घेऊन आत आली, टेबलावरची यादी बघितली, डबा बघितला आणि पिशव्या हातात तशाच ठेवून उभी राहिली. तिला समजवावं लागलं नाही. तिने पिशव्या खाली ठेवल्या आणि त्या लाल रेघेवरून वरून खाली बोट फिरवलं.

"मी दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"तेव्हा बंद केला असता तर?"

"तर दोन वर्षांपूर्वीच सापडली असती," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार? चूक पदरात घ्यायची तर पूर्ण घ्यावी, अर्धी कशाला? "मला लोकांच्या बोलण्याची भीती वाटली, आणि माझ्या नियमाचा गर्व होता. दोन्ही होतं."

ती गॅलरीत गेली. मी भाजी निवडायला घेतली आणि चांगल्या शेंगा कचऱ्यात टाकल्या. दहा मिनिटांनी ती परत आली तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज ऑफिसातला होता.

"हा पुरावा होत नाही," ती म्हणाली. "यादी म्हणजे आवाज नव्हे. उपग्रहच असेल म्हणून कुणीही उडवून लावेल. मला ती प्रत्यक्ष ऐकायला हवी, नियम बंद ठेवून. शुक्रवारी क्रेन येतेय."

"म्हणजे गुरुवार आहे," मी म्हटलं.

"गुरुवार मिस्त्रीचा आहे. नटबोल्ट सैल करायला त्याला अख्खा दिवस दिलाय."

"तो मी बघते. तू वेळ काढ. किती वाजता ओरडणार ते आधी सांगता आलं पाहिजे."

सोमवारी सकाळी दुर्बिणीचा वेळ वाटून देणारी सभा असते. बारा-पंधरा माणसं, लांब टेबल, गार चहा. मी कधी बोलत नाही तिथे, कोपऱ्यात बसून नोंदी घेते. त्या दिवशी डबा घेऊन उभी राहिले. सांगायला सुरुवात केली तेव्हा आवाज थरथरत होता, त्याची मला इतकी चीड आली की थरथर थांबली. नियम सात काय करतो, यादीत काय सापडलं, सुनेने दोन वर्षांपूर्वी काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं, सगळं ओळीने सांगितलं.

साहेबांनी डबा हातात घेऊन फिरवला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण चेहरा म्हाताऱ्या माणसाचा. "बाई, याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना?" ते म्हणाले. "नियम सात फक्त हिच्या कामाला लागलेला नाही."

"बावीस वर्षांतल्या एकसष्ट कामांना लागलाय. मोजून आणलंय."

"त्या सगळ्यांना कळवावं लागेल."

"कळवू."

"अकरा आठवड्यांत तुमचा निरोप समारंभ आहे. लोक चार चांगले शब्द बोलायच्या तयारीत आहेत. आणि तुम्ही आत्ता हे काढताय, तेही सुनेच्या कामासाठी. लोक काय म्हणतील?"

"तेच म्हणतील जे दोन वर्षांपूर्वी म्हणतील म्हणून मी घाबरले होते," मी म्हटलं. "म्हणू देत. साहेब, मला गुरुवार हवाय."

मग मागून मिस्त्रीचा आवाज आला. हा माणूस पंचवीस वर्षं त्या डिशवर चढतोय, सभेला फक्त चहासाठी येतो. "गुरुवार घ्या," तो म्हणाला. "मी शुक्रवारी पहाटे चारला चढतो. क्रेन यायच्या आत सैल करून देतो."

साहेबांनी चष्मा पुसला. "ठीक आहे. गुरुवारी दहा ते चार. पण वेळ आधी फळ्यावर लिहायची, सगळ्यांसमोर. त्या वेळी काही दिसलं नाही तर 'काही आढळले नाही' असा अहवाल त्याच संध्याकाळी माझ्या टेबलावर हवा."

"मान्य," सूनबाई म्हणाली. माझ्याकडे न बघताच म्हणाली.

तीन दिवस ती माझ्या केराच्या यादीत बुडून राहिली. पाच दिवसांची नाही, तीन वर्षांची. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना चिंगीपासून कधी जवळ असते, कधी लांब, त्यामुळे आवाज मागेपुढे पोचतो. ती मिनिटंसुद्धा तिने एकेका नोंदीतून वजा-बेरीज केली. जेवताना बोलत नव्हती. हे हळूच विचारायचे, "भाजी वाढू?" आणि ती म्हणायची, "अकरा वीस ते अकरा तीस." बुधवारी संध्याकाळी तिने फळ्यावर खडूने लिहिलं: अकरा चोवीस. त्याखाली, तीन तास तेरा मिनिटांनी: दोन सदतीस. प्रत्येकापुढे लिहिलं, चार मिनिटं इकडेतिकडे.

गुरुवारी दहा वाजता डिश चिंगीकडे वळली. आमच्या दुर्बिणीला उजेडाचं काही पडलेलं नसतं, भर उन्हात तिला तारा ऐकू येतो. दहा वाजून पाच मिनिटांनी मी नियम सात बंद केला आणि मोठ्याने तसं सांगितलं. कॅन्टीनमधल्या मायक्रोवेव्ह ओव्हनची पिनसुद्धा मी स्वतः जाऊन काढून आले, स्वयंपाकी बघत राहिला. पडद्यावर दोन रेघा चालू लागल्या, वरची डाव्या पिळाची, खालची उजव्या पिळाची. दोन्ही सपाट.

अकरा वाजले तसे लोक जमले. साहेब आले, मिस्त्री आला, ज्यांना यायचं काही कारण नव्हतं तेही आले. अकरा वीस. अकरा चोवीस. रेघा सपाट. अकरा अठ्ठावीस झाले, तीस झाले. कुणीतरी खुर्ची सरकवली. अकरा चाळीसला साहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला, आणि सूनबाईचा चेहरा मी बघितला. तसा चेहरा मला आयुष्यात पुन्हा बघायचा नाही.

"अजून एक वेळ आहे ना?" मिस्त्री म्हणाला.

मला काय करावं सुचेना. बावीस वर्षांची सवय, हात आपोआप यादीकडे गेला. शेवटची ओळ बघितली. अकरा बावीस ते अकरा तीस. आठ मिनिटं. नियम सात.

मी अशी ओरडले की बाहेरचा पहारेकरी धावत आत आला. "आली होती! चिंगी आली होती, आणि मी पुन्हा फेकली!"

"नियम बंद केला होता ना?" साहेब म्हणाले.

केला होता. पण अकरा वर्षांपूर्वी एका विद्वानाने एक नियम बंद केला आणि चालू करायला विसरला. आठवडाभराचा माल घाण झाला. तेव्हा मी रागाने एक कुलूप बसवलं होतं: कुणीही कुठलाही नियम बंद केला तर तासाभराने तो आपोआप चालू होणार. कुणाला सांगितलंही नव्हतं. दहा पाचला मी नियम बंद केला, अकरा पाचला माझ्याच कुलपाने तो चालू केला. दुसऱ्यांचा विसराळूपणा आवरायला निघाले होते, आणि स्वतःच विसरले.

हे सगळं मी सांगितलं तेव्हा वाटलं, आता सूनबाई तोंड फिरवेल. तिने यादीतली ती ओळ दोनदा वाचली. "म्हणजे दोन मिनिटं आधीच सुरू झाली," ती म्हणाली. "पण वेळ बरोबर आहे. वेळ बरोबर होती, आई."

ऑफिसात तिने मला पहिल्यांदाच आई म्हटलं, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.

"दर अर्ध्या तासाने बंद करत राहा," साहेब म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. मी फाइल उघडली आणि नियम सात खोडून टाकला. सातही ओळी. काही सेकंदांचं काम. वाईट वाटलं, वाटलं नाही असं कसं म्हणू? माझ्या हातची ती सगळ्यात नीटस गोष्ट होती. मग मी तिथेच बसून राहिले. पाऊण वाजला, एक वाजला, दीड वाजला, दर दहा मिनिटांनी फाइल उघडून बघितलं. पुन्हा उगवला नाही. जेवणाचा डबा उघडला नाही, पाणीसुद्धा प्यायले नाही.

अडीच वाजता सूनबाईने मिस्त्रीला डिशच्या नियंत्रणापाशी बसवलं. "मी सांगेन तेव्हा दोन अंश बाजूला न्यायची," ती म्हणाली, "आणि सांगेन तेव्हा परत."

दोन पस्तीस. वरची रेघ उठली.

आधी वाटलं माझेच डोळे. मग ती चढतच गेली, चढतच गेली, पडद्याच्या अर्ध्यापर्यंत, आणि खालची रेघ जागची हलली नाही. खोलीत एकदम गलका झाला. त्यात सूनबाईचा आवाज आला, "हलवा."

"आत्ता?" साहेब जवळजवळ किंचाळले. "अहो, आठ मिनिटं आहेत फक्त!"

"आत्ताच. नाहीतर उद्या म्हणाल उपग्रह होता. डिश वळवल्यावर रेघ पडली आणि परत आणल्यावर उठली, तरच ती चिंगी. हलवा."

मिस्त्रीने साहेबांकडे बघितलं नाही, तिच्याकडे बघितलं आणि डिश हलवली. चिंगी नजरेआड झाली. वरची रेघ घसरत घसरत सपाट झाली. तीन वर्षं जिची वाट बघितली ती समोर असताना या मुलीने स्वतःहून पाठ फिरवली होती. ती हातातल्या घड्याळाकडे बघत मोजत होती, ओठ हलत होते. पूर्ण एक मिनिट.

"परत."

डिश परत वळायला किती वेळ लागला ते मला माहीत नाही. वर्षभर लागला असं वाटलं. मग रेघ उठली, होती तेवढी, तिथेच. दोन त्रेचाळीसला ती आपली आपण खाली आली आणि सगळं पुन्हा सपाट झालं. उजव्या पिळाची रेघ शेवटपर्यंत झोपून होती.

टाळ्या वाजल्या, मिस्त्रीने शिट्टी मारली. सूनबाई माझ्याकडे वळली. "आई, बघितलंत?"

"ऑफिसात मॅडम म्हणायचं," मी म्हटलं, आणि सगळ्यांसमोर हमसून हमसून रडले. मला त्याची लाज वाटली नाही. आनंद होता, आणि त्या रेघेसारख्या किती रेघा मी फेकल्या असतील त्याचं दुःखही होतं. दोन्ही एकदमच आलं.

गर्दी पांगल्यावर साहेब माझ्या टेबलापाशी आले. "बाई, एकसष्ट लोकांना पत्रं तुमच्या जागी येणारा माणूस लिहील. तुम्ही जाता जाता हे ओझं कशाला घेताय? शेवट गोड झालाय, गोडच राहू द्या."

"त्याने काय फेकलंय?" मी म्हटलं. "केर माझ्या हातून गेला, शोधायचाही मीच. एकसष्टपैकी एकोणीस जण असेच छोटे तारे बघत होते. कुणाकुणाने 'काही आढळले नाही' लिहून ते काम कायमचं सोडलंय. त्यांना आधी."

"अकरा आठवड्यांत होईल?"

"नाही झालं तर बाराव्या आठवड्यात बिनहुद्द्याची येऊन बसेन. मला खुर्ची द्याल ना?"

ते हसले, पहिल्यांदाच वयाला शोभेल असे. समोरच्या टेबलावर सूनबाईने तो अहवाल उघडला होता आणि पहिलं वाक्य खोडत होती. "आधीची तीन वर्षं यादीवरून कळली असं लिहावं लागेल," ती मान वर न करता म्हणाली. "आवाज का गेला तेही. नियम कुणाचा होता ते लिहू का?"

"लिही. माझ्या नावासकट लिही," मी म्हटलं. "आणि डबा शिंप्याचा होता तेही."

मग मी घरी फोन लावला. ह्यांनी पहिल्या रिंगला उचलला, बहुतेक फोन हातातच धरून बसले होते. सापडली म्हणून सांगितलं. लगेच म्हणाले, "मग आता बटणं परत डब्यात भरू ना?"

"भरू नका," मी म्हटलं. "आणि बाजारात जाऊन पांढऱ्या दोऱ्याची रिळं आणा."

"किती आणू?"

मी समोरच्या एकोणीस नावांच्या कागदाकडे बघितलं.

"दुकानात असतील तेवढी," मी म्हटलं.